बारकीची जीभ आणि मी

तुम्ही मला ओळखता, मित्रांनो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझ्यामुळे ओकारी आली आहे, काहींनी मला कचकन चावलेही आहे. "आ कर, अजून मोठा आ," असे म्हणत दवाखान्यात जी थंडगार वस्तू तुमच्या तोंडात सरकवली जाते, ती मी. जीभ दाबायची स्टीलची पट्टी. मी आता जुनी झाले आहे आणि एका ड्रॉवरमध्ये पडून असते. बाजूला एक मोडकी कात्री आहे, पण तिला बोलायची हौस नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

एका कारखान्यात पत्र्यातून ठोकून मला कापले, मधोमध काटकोनात वाकवले आणि माझ्या कडा घासल्या. कड धारदार राहिली तर जीभ कापते. घासणारा माणूस प्रत्येक पट्टी स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून बघायचा. टोचली की शिवी हासडायचा आणि पुन्हा घासायचा. नंतर आम्हाला खळखळत्या पाण्यात उकळत, हे बरे होते.

मी ज्या डॉक्टरांकडे आले ते तेव्हा तरुण होते. माझे काम सोपे होते. जीभ हा घशाचा पडदा आहे. तो खाली दाबला की मागचे सगळे उघडे पडते. सर्दीचा घसा मी पुष्कळ पाहिला: सगळीकडे थोडा लाल, वरून नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो. तो विषाणूंचा कारभार, आपोआप आवरतो. दुसरा घसा वेगळा. खोकला नाही, सर्दी नाही, पण ताप फणफणलेला, गळ्याच्या गाठी सुजून दुखऱ्या झालेल्या, टॉन्सिल फुगलेले आणि त्यांवर पांढरट पिवळे ठिपके. टाळूवर कधी लाल बारीक टिंबे. तिथे स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू असू शकतात, माळेतल्या मण्यांसारखे एकाला एक चिकटलेले. "असू शकतात" असेच मी म्हणते, कारण नुसत्या डोळ्यांनी भले भले फसतात. म्हणून डॉक्टर कापूस लावलेली काडी टॉन्सिलवर फिरवत, ती औषधी पाण्यात बुडवत आणि त्यात कागदी पट्टी उभी करत. दोन रेघा उमटल्या तर जंतू आहेत. एकच उमटली आणि तरीही मुलाबद्दल संशय राहिला, तर दुसरी काडी प्रयोगशाळेत जायची.

त्या काळी डॉक्टर मला दिव्यासमोर धरून म्हणत, "ही माझी खरी असिस्टंट. पगार मागत नाही आणि गप्पा मारत नाही." सिस्टर नाक मुरडत असे.

मग लाकडी काड्या आल्या. एकदा वापरायची, टाकून द्यायची. डॉक्टरांचे केस पिकले, टेबलासमोरची रांग वाढली आणि मी ट्रेमध्ये नुसती पडून राहू लागले. माझ्याकडे एकच काम उरले, भीती दाखवण्याचे. पोर तोंड उघडत नसेल तर आई म्हणायची, "उघडतोस की डॉक्टरकाकांना ती लोखंडी घालायला सांगू?" डॉक्टर मला उचलून टेबलावर टक्‌ टक्‌ वाजवायचे. तोंड उघडायचे. सगळे हसायचे, पोर सोडून.

आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली काचसामानाचे दुकान होते. कपबश्या, बरण्या, पेले, फुलदाण्या. दुकानदार, त्याची बायको आणि त्यांची जुळी मुले मागच्या खोल्यांत राहत. मुलगा थोडा आधी जन्मला, म्हणून तो दादा. मुलगी त्याच्या पाठोपाठ आली, म्हणून ती बारकी. तेवढ्याशा भांडवलावर दादा जन्मभर दादागिरी करणार हे दिसतच होते.

त्यांच्या आईचा एक नियम होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. घरात काहीही आले की निम्मे-निम्मे. केळे आले की सुरी आली. नवा खोडरबर आला की तोही ब्लेडने मधोमध कापला जाई. "एकाच दिवशी एकाच पोटातून आलीत," ती दवाखान्याच्या बाकावर बसून शेजारणींना सांगायची, "माझ्या घरात दुजाभाव नाही. मुलगा म्हणून त्याला जास्त नाही, मुलगी म्हणून तिला कमी नाही." शेजारणी माना डोलवत. मलाही ते ऐकायला बरे वाटे.

एकदा तिने दादाला वर आणले. ताप होता, गिळता येत नव्हते, खोकल्याचे नाव नाही. डॉक्टरांनी लाकडी काडी घातली आणि दादाने ती गाजरासारखी तोडली. डॉक्टरांनी मला उचलले.

"आता चाव. दात तुझे, पट्टी माझी."

दादाने निमूट आ केला. पुष्कळ दिवसांनी मी माझे खरे काम केले. सगळे पुस्तकात असते तसेच होते: फुगलेले टॉन्सिल, पांढरे ठिपके, टाळूवर टिंबे. काडी फिरली, कागदावर दोन रेघा उमटल्या.

"हे औषध दहा दिवस द्यायचं," डॉक्टर पुढच्या पेशंटकडे बघत म्हणाले. "बरं वाटलं तरी दहा दिवस. उद्यापर्यंत शाळा नाही. घरात आणखी कुणाचा घसा दुखला तर आणा. पुढचे, या!"

तेवढ्यात दुकानदार स्वतःच वर आला. "डॉक्टर, माझाही घसा धरलाय. लगे हात मलाही तेच लिहा."

डॉक्टरांनी त्याचा घसा नव्या काडीने पाहिला. "नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बेडकासारखा. ताप नाही. हा व्हायरस. त्याला हे औषध म्हणजे दगडावर पाणी. मिठाच्या गुळण्या करा."

"म्हणजे मोठ्या माणसांना हा आजार होत नाही?"

"होतो, पण मुलांपेक्षा कमी. लक्षणं जुळली तर तुमचीही टेस्ट करीन आणि गोळ्याही देईन. उगाच नाही."

"गिऱ्हाईक मागेल ते द्यावं हो," दुकानदार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "असं दुकान चालतं होय?"

बाकावरचे लोक हसले. या हसण्यातच सिस्टरने आईच्या हातात दोन बाटल्या ठेवल्या. एक संपली की दुसरी सुरू करायची, हे सांगायचे होते. पण हसता हसता ती फक्त "या दोन" म्हणाली.

मित्रांनो, यापुढचे आईने नंतर स्वतःच्या तोंडाने आमच्या टेबलासमोर सांगितले. एक-दोन दिवसांत बारकीचाही घसा दुखू लागला. तोच ताप, तेच गिळता न येणे. आईने विचार केला, आजार एकच, घर एकच, जिना कशाला चढायचा? आणि बाटल्या तर दोन होत्या. दोन मुले, दोन बाटल्या. एक दादाची, एक बारकीची. तिने झाकणांवर कुंकवाने दोघांची वेगळी खूण केली, कुणाला कमी-जास्त होऊ नये म्हणून. दोघांचाही ताप झटपट उतरला. बाटल्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिने त्या धुऊन, वाळवून, एकीत जिरे भरले आणि एकीत मोहरी.

दहा दिवसांचे औषध प्रत्येकाला निम्मेच मिळाले होते. घसा बरा वाटणे आणि जंतू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध मध्येच थांबले की काही जंतू उरतात, आणि शरीर त्यांच्याशी लढत राहते. पण या जंतूंच्या अंगाचे काही तुकडे आपल्या हृदयाच्या झडपांसारखे आणि मेंदूच्या काही भागांसारखे दिसतात. जुळ्यांपैकी चोर एक आणि मार दुसऱ्याला, तसे होते. शरीर जंतूला मारायला निघते आणि घरच्यालाच बडवते. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. फार थोड्यांच्या होते. कुणाच्या, हे आधी सांगता येत नाही.

काही महिने गेले. मग खालून काच फुटल्याचा आवाज आला.

काचसामानाच्या दुकानात काच फुटतेच. पण पाठोपाठ दुसऱ्या दिवशीही फुटली, आणि तिसऱ्याही. आधी खळ्‌ असा आवाज, मग थोडी शांतता, मग एक चपराक. क्रम कधी चुकला नाही.

"हात आहेत का काय आहे हे?" दुकानदार ओरडायचा. "फुटके हात! फुटकी नुसती!"

"बाबा, मी नाही टाकली," बारकीचा आवाज यायचा. "हात आपोआप उडतो."

"आपोआप? मग माझाही आपोआप उडतो, बघ."

आणि त्याचाही उडायचा.

वर आमच्याकडे याची करमणूक होऊ लागली. आवाज आला की डॉक्टर स्टेथोस्कोप कानातून काढून विचारत, "सिस्टर, आज पेला की बशी?" सिस्टर खिडकीतून वाकून बघे आणि निकाल सांगे. "फुलदाणी!" पेशंटही पैजा लावत. ज्याचा अंदाज बरोबर, त्याचा नंबर आधी.

बारकीचे नाव आता बारकी राहिले नाही. गल्लीने तिला फुटकी केले. ती चालताना खांदा झटकायची, भुवया उडवायची, तोंड वेडेवाकडे करायची. दादाला ही नक्कल छान जमली. गिऱ्हाइके जमली की तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून हात उडवायचा, गाल ओढायचा आणि काल्पनिक कप सोडायचा. लोक पोट धरून हसत. दुकानदारही हसे, विक्री होत होती.

शाळेतून तक्रार आली. पूर्वी मोत्यासारखे अक्षर होते, आता कोंबडीने पाय आपटल्यासारखे. फळ्याकडे बघून चेहरे करते, उभे केले की रडते, मध्येच हसते. बाईंनी तिला वर्गाबाहेर उभे केले. तिथेही तिचा हात भिंतीवर आपटत राहिला, तेव्हा आत अडथळा येतो म्हणून आणखी लांब उभे केले.

मग दुकानदाराने उपाय काढला. दुपारी गर्दीच्या वेळी त्याने बारकीला दुकानाच्या दारात उभे केले. तिच्या तळहातांवर ट्रे ठेवला, ट्रेवर कपबश्यांचा नवा सेट. "गिऱ्हाईक संपेपर्यंत हलायचं नाही. हात कसा स्थिर राहत नाही बघू."

सिस्टरने डॉक्टरांना खिडकीशी बोलावले. दोघे बघत होते. खाली लोक थांबले होते. कप बशीवर किणकिणू लागले, आधी हळू, मग जोरात. बारकी दातांनी ओठ धरून उभी होती. तिने कोपर पोटाशी दाबले, खांदा भिंतीला टेकवला, डोळे मिटले. पोर किती प्रयत्न करत होती हे कुणालाही दिसले असते. सगळ्यांना दिसत होता तो ट्रे.

मग हात उडाला.

त्या दिवशीचा आवाज मोठा होता. नंतरचे आवाजही.

"लेक बापाला धंद्यातून उठवणार," डॉक्टर खिडकी बंद करत म्हणाले. "पुढचे, या."

दुसऱ्या दिवशी आई तिला ओढतच वर घेऊन आली. मागोमाग दादा, गंमत बघायला.

"आजारी नाहीये हो ती," आई दारातूनच म्हणाली. "ताप नाही, काही नाही. हिला जरा धाक दाखवा. नाटकं आहेत सगळी. आणि पुरावा देते मी. रात्री झोपली की जाऊन बघते ना, हात कसे दगडासारखे गप्प. एक बोट हलत नाही! खरंच आजार असता तर झोपेत थांबला असता?"

"आई, मी मुद्दाम नाही करत," बारकी म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते.

"बघा, आता बोबडंही बोलते."

डॉक्टर हसले. रांग लांब होती, पण असल्या खेळाला वेळ लागत नाही. त्यांनी मला उचलले आणि टेबलावर टक्‌ टक्‌ वाजवले.

"काय गं फुटके, खाली कपबश्या फोडतेस? इथे लोखंडाची आहे, फुटत नाही. काढ जीभ. लांब काढ आणि मी म्हणेपर्यंत बाहेर ठेव. आत घेतलीस तर इंजेक्शन."

बारकीने जीभ बाहेर काढली. ती लगेच आत गेली.

"बाहेर!"

पुन्हा आली, पुन्हा आत. दारामागून डोकावणाऱ्या मांजरासारखी ती बाहेर यायची आणि पळायची. दादा खिदळला. बारकीच्या डोळ्यांत इंजेक्शनची भीती मावत नव्हती. दोन्ही हातांनी ती खुर्ची धरून होती, आणि खुर्ची वाजत होती.

"जास्तच शहाणी आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या जिभेवर ठेवून दाबले.

मित्रांनो, मी हजारो जिभा दाबल्या आहेत. हट्टी जीभ मला माहीत आहे. ती सगळी मिळून एकदम वर ढकलते. घाबरलेली मागे सरकते. खोटारडी तर फार घट्ट असते. ही जीभ यांपैकी काहीच नव्हती. ती माझ्याखाली वळवळत होती, तुकड्यातुकड्यांनी, कातडीखाली गांडुळे भरल्यासारखी. एक कोपरा वर, दुसरा खाली, मग मधलाच भाग. कुणी कितीही मोठा नाटक्या असो, जिभेचे असे निरनिराळे भाग त्याला हलवता येत नाहीत.

मला बोलता येत नाही. पण माझे दुसरे टोक डॉक्टरांच्या बोटांत होते आणि मी थरथरत होते.

डॉक्टरांचे हसू तसेच राहिले, फक्त त्यातली गंमत निघून गेली. त्यांनी मला हळूच बाहेर काढले.

"माझी दोन बोटं धर," ते म्हणाले. "घट्ट. सोडू नकोस."

बारकीने धरली. तिची मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची, गाईची धार काढावी तशी.

"नका मारू," ती म्हणाली. "मी घट्टच धरलीयेत."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. रांगेतले कुणीतरी खोकले, तेव्हा त्यांनी न बघता हात वर केला. खाली दुकानदाराला बोलावणे गेले.

"हिचा घसा कधी दुखला होता?"

"हिचा कुठे? दादाचा," आई म्हणाली. "म्हणजे नंतर हिचाही दुखला, पण औषध होतंच की घरात. तुम्हीच दोन बाटल्या दिल्या होत्या. एक याला, एक हिला." आणि सवयीने, मान थोडी उंच करून तिने पुढचेही सांगितले. "आमच्याकडे सगळं निम्मं-निम्मं असतं."

सिस्टरच्या हातातली कापसाची गुंडाळी खाली पडून लांब घरंगळत गेली. तिला कुणी चपराक मारली नाही.

डॉक्टर हळू बोलत होते, जे त्यांना जमत नसे. दोन्ही बाटल्या एकाच मुलाच्या होत्या. बारकीचा घसा त्याच वेळी दाखवला असता तर तिला तिच्या दोन मिळाल्या असत्या. अर्ध्या औषधातून उरलेल्या आजाराने आधी मेंदूला छेडले, म्हणून हातपाय उडतात. हा आजार झोपेत थांबतोच, तीच त्याची खूण आहे. हातपाय काही महिन्यांत शांत होतील. "पण छातीत आवाज आहे," ते म्हणाले. "झडप गळतेय. मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफीने हृदयाचा फोटो काढू, रक्त तपासू. यापुढे घशाचा तोच जंतू पुन्हा आला तर झडप आणखी बिघडेल. म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. मोठी होईपर्यंत. कदाचित त्यापुढेही."

"म्हणजे," दुकानदाराने विचारले, "ती मुद्दाम नव्हती टाकत?"

 याचे उत्तर बारकी त्याला रोज देत होती.

"आणि दादाला?" आईने विचारले. "त्यानेही निम्मंच घेतलं होतं. त्याला काय झालं?"

डॉक्टरांनी दादालाही तपासले. छाती स्वच्छ, हात दगडासारखे स्थिर. "काही नाही. याला काही झालं नाही."

"असं कसं? निम्मं-निम्मं घेतलं ना दोघांनी?"

आईला खरोखरच कळत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या घरात काहीतरी सगळेच्या सगळे एकाच मुलाला मिळाले होते.

हातपाय शांत झाले, डॉक्टर म्हणाले तसे. बारकी पुन्हा मोत्यासारखे लिहू लागली. आता तिच्या हातून एक बशी फुटत नाही, पण गल्लीने तिचे नाव परत केले नाही. ती अजून फुटकीच आहे. फोटोतही झडपेची गळती दिसली. आमचा जिना चढताना ती मध्ये थांबते, कठड्याला धरते आणि श्वास मोजते. दादा तिचे दप्तर घेऊन मागे उभा असतो. त्याने नकला सोडल्या आहेत. दुकानदार वर येत नाही. तो खाली पेले पुसत बसतो, पुसलेलेच.

डॉक्टरांनी मला ट्रेमधून उचलले ते सरळ या ड्रॉवरमध्ये टाकले. मुलांना भीती दाखवायलाही त्यांनी मला पुन्हा काढले नाही. मला वाटले होते शाबासकी मिळेल. पण मला पाहिले की त्यांना खिडकी आठवत असावी.

ड्रॉवर नीट बंद होत नाही, म्हणून मला फटीतून दिसते. दर तीन आठवड्यांनी आई बारकीला घेऊन येते. ते इंजेक्शन फार दुखते. औषध दाट असते आणि हळूहळू आत जाते. बारकी रडत नाही. सुई आत असतानाच ती मान वळवून आईकडे बघते आणि शांतपणे विचारते, "आई, यातलं निम्मं दादाला?"

दर वेळी विचारते. एकदाही चुकत नाही. आई दर वेळी भिंतीकडे बघते.

मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी ऐका. घसा दुखला तर सांगा, आणि सांगितल्यावर कुणी नाटक म्हटले तर पुन्हा सांगा. औषध ज्याचे त्यानेच घ्यावे आणि संपवावे, बरे वाटले तरी. आणि तुमच्या वर्गात कुणाचा हात उडत असेल, तोंड वाकडे होत असेल, हातून वस्तू पडत असतील, तर हसण्याआधी त्याला एकदा जीभ बाहेर काढायला सांगा. राहते का बघा.

नाही राहिली तर तुमच्या बाईंना बोलवा. मला बोलवू नका. मी ड्रॉवरमध्ये आहे, आणि उघडायला कुणी येत नाही.